सहा वर्षांची लेक पुन्हा अंथरुणात शू करू लागली आहे, काय करू?

रानजाई (धागाकर्ती):

इथे बरीच वर्षं नुसती वाचते, लिहायची वेळ पहिल्यांदाच. या आठवड्यातली चौथी ओली चादर आत्ता भिजत घातली आणि लिहायला बसले.

मुलगी सहा वर्षं दोन महिन्यांची. अडीच वर्षांची असताना दिवसाचा डायपर सुटला, साडेतीनला रात्रीचा. तेव्हापासून अंथरूण कोरडंच असायचं. कधी तापात एखादी रात्र गेली असेल, तेवढंच. गेल्या दोन महिन्यांपासून मात्र आठवड्यातून तीन-चार रात्री होतंय. झोप इतकी गाढ की ओल्यातच पडून राहते, सकाळीच कळतं.

आतापर्यंत केलं ते असं: संध्याकाळी सहानंतर पाणी बंद. रात्री बाराला उचलून बाथरूममध्ये. कोरड्या रात्रीला वहीत एक चांदणी, पाच चांदण्या झाल्या की नवी रंगपेटी. दोन चांदण्यांच्या पुढे ती गेलीच नाही आणि परवा तिने वहीच लपवून ठेवली.

अजून एक लिहायचंय, ते लिहिताना हात अडतोय. मागच्या मंगळवारी मी तिच्यावर ओरडले. "एवढी मोठी झालीस, कळत नाही का तुला?" असं म्हणाले. ती काहीच बोलली नाही. दोन दिवसांनी कपाटामागे तिची ओली चड्डी सापडली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. पहाटे एकटीने उठून कपडे बदलले होते आणि मला कळू नये म्हणून लपवले होते. सहा वर्षांच्या मुलीने.

घरात नवं बाळ नाही, घर बदललेलं नाही, आम्हा दोघांत काही बिनसलेलं नाही. शाळेत नवी इयत्ता सुरू झाली एवढाच बदल. सासूबाई म्हणतात आपोआप जाईल. वाट बघू का डॉक्टरांकडे नेऊ?

चैत्रपालवी:

रानजाई, आधी तुमच्या पाठीवर हात. ओरडणं आमच्याकडेही झालंय. आज तिला जवळ घेऊन सांगा की आईचं चुकलं. मुलं ऐकतात आणि ते लक्षातही ठेवतात. उपायांबद्दल जाणकार लिहितीलच.

अनवट:

वाट बघू नका. उद्याच न्या.

घाबरवायला लिहीत नाहीये, आमच्या बाबतीत घडलं ते सांगते. मुलगा सात वर्षांचा होता, चार वर्षं पूर्ण कोरडा. अचानक रोज रात्री अंथरूण ओलं व्हायला लागलं. आम्हाला वाटलं, शाळेचं टेन्शन. तो पाणी खूप पीत होता, रात्री उठून उठून पीत होता, आणि आम्ही काय केलं तर त्याचं पाणी बंद केलं. शू होते म्हणून पाणी बंद! पॅन्ट कमरेत सैल झाली होती, ते मी पाहिलं होतं, उंची वाढतेय म्हणून बारीक दिसतोय असं मनाशी म्हटलं होतं. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या आणि श्वास जोरजोरात चालायला लागला. हॉस्पिटलमध्ये रक्तातली साखर ४०० च्या वर निघाली. टाइप १ मधुमेह. दोन दिवस आयसीयूत होता.

आज तो अकरा वर्षांचा आहे, इन्सुलिन स्वतः घेतो, छान आहे. पण लघवीची साधी पट्टीची तपासणी पहिल्याच आठवड्यात केली असती तर ते दोन दिवस टळले असते. जास्त तहान, जास्त लघवी, वजन उतरणं, मलूल होणं, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

रानजाई:

अनवट, वाचून हातपाय गार पडले. तहान जास्त नाही, उलट पाणी कमीच पिते. वजन उतरल्यासारखं वाटत नाही. पण उद्या सकाळची वेळ घेतली आहे.

निरामय:

मी बालरोगतज्ज्ञ आहे. मुलीला न तपासता निदान करणार नाही, पण डॉक्टरांकडे जाण्याआधी काय बघायचं ते सांगू शकतो.

ज्या मुलाची रात्र कधी कोरडी झालीच नाही त्याची गोष्ट वेगळी आणि निदान सहा महिने पूर्ण कोरडं राहून पुन्हा सुरू झालं त्याची वेगळी. पहिला प्रकार फार मोठ्या प्रमाणावर दिसतो. पाच वर्षांच्या मुलांत साधारण १५ टक्क्यांना, दहाव्या वर्षी सुमारे ५ टक्क्यांना. त्यांतली सुमारे १५ टक्के मुलं दरवर्षी काही न करता बरी होतात. म्हणूनच 'आपोआप जाईल' हे वाक्य घराघरांत टिकून आहे आणि ते खोटंही नाही. पण तुमची मुलगी दुसऱ्या प्रकारात येते. तिथे नुसती वाट न बघता 'आत्ताच का?' हे शोधावं लागतं.

शोधायचं काय? लघवीतला जंतुसंसर्ग. अनवट यांनी लिहिलेला मधुमेह. बद्धकोष्ठ, आणि हे कारण आईवडिलांच्या सर्वांत कमी लक्षात येतं. रात्री मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडखळणं (टॉन्सिल किंवा नाकामागच्या ॲडेनॉइडच्या गाठी वाढल्या की असं होतं). जंत. आणि मनावरचा ताण: घरातला, शाळेतला, किंवा कुणी त्रास देत असेल तर तो. शेवटचं विचारायला अवघड जातं, तरी विचारायचं.

दिवसाही शू सुटते का, थेंब थेंब होते का, धार बारीक आहे का, जळजळ होते का, लघवीत रक्त दिसतं का, चड्डीला शी लागते का, चालण्यात किंवा पायांच्या ताकदीत फरक पडलाय का, कमरेच्या खाली मणक्यावर खळगा किंवा केसांचा पुंजका आहे का, हे पाहून ठेवा. यातलं काही असेल तर आवर्जून सांगा.

आणि एक वही करा. चांदण्यांची नको, नोंदींची. कुठले दोन दिवस ती घरी असेल ते निवडा. मोजपात्रात किती पाणी प्यायली आणि प्रत्येक वेळी किती शू झाली ते मिलिलीटरमध्ये लिहा. शी कधी झाली, कडक की मऊ, तेही. वयाच्या आकड्यात एक मिळवून ३० ने गुणलं की मूत्राशयात साधारण किती मिलिलीटर मावायला हवं ते कळतं. सहा वर्षांना २१०. तिची दिवसातली सर्वांत मोठी शू याच्या खूप खाली असेल तर तो एक धागा हाती लागतो.

संध्याकाळी सहापासूनची पाणीबंदी मात्र उठवा. दिवसभर नीट पाणी पिऊ दे, शेवटचा तास-दीड तास कमी करा, पुरे. चहा, कॉफी, कोला बंद.

पहाटवारा:

आमच्याकडे रात्री १२ आणि ३ चा गजर लावून उठवलं. चार महिने. मुलगा पूर्ण बरा झाला. डॉक्टर वगैरे काही नाही. थोडी शिस्त लागतेच हो मुलांना.

निरामय:

पहाटवारा, चार महिने तुम्ही उठलात, त्या कष्टांना मान आहे. पण झोपेत उचलून नेल्याने चादर वाचते, मूल शिकत नाही. मूत्राशय भरल्याचा निरोप आणि जाग यांची गाठ मेंदूत पडायला हवी. तुम्ही ठरावीक वेळेला उठवता तेव्हा मूत्राशय भरलेलं असेलच असं नाही आणि मूल बहुधा पूर्ण जागंही नसतं. एखाद्या प्रवासात, पाहुण्यांच्या घरी उचलून न्यायला हरकत नाही. उपचार म्हणून त्यावर विसंबू नये.

'शिस्त' या शब्दाशी मात्र मी सहमत नाही. झोपेत होणारी गोष्ट मूल करत नाही, ती त्याला होते. म्हणून कोरड्या रात्रीला बक्षीससुद्धा नको. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०१० मध्ये याच विषयावर काढलेल्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: बक्षीस द्यायचंच तर जे मुलाच्या हातात आहे त्याला द्या. दिवसभर पाणी प्यायलं, झोपताना शू करून आलं, सकाळी चादर काढायला मदत केली. कोरडी रात्र त्याच्या हातात नसते. मग चांदणी न मिळणं हीच शिक्षा होऊन बसते.

सांजवेळ:

वरचं वाचून लिहितोय. मी बेचाळीस वर्षांचा पुरुष आहे. तेराव्या वर्षापर्यंत माझं अंथरूण ओलं व्हायचं. हे बायकोखेरीज कुणाला कधी सांगितलेलं नाही.

आमच्या घरी शिस्तच होती. वडील पट्टीने मारायचे. ओली गादी अंगणात उन्हात टाकायचे, मुद्दाम, शेजारच्यांना दिसेल अशी. मी रात्री झोपायला घाबरायचो. पलंगाखाली फरशीवर झोपायचो म्हणजे गादी तरी वाचेल. एक वर्ष संध्याकाळनंतर थुंकीसुद्धा गिळायची नाही असं ठरवलं होतं. सहलीला कधी गेलो नाही, दर वेळी पोट दुखत असल्याचं सांगितलं. मार खाऊन एक रात्रही जास्त कोरडी गेली नाही. थांबलं ते आपोआप. तेराव्या वर्षी एके दिवशी लक्षात आलं की महिना झाला, काही झालेलं नाही.

माझा मुलगा आज आठ वर्षांचा आहे आणि त्यालाही होतं. पहिल्यांदा कळलं तेव्हा त्याला माझ्याबद्दल सगळं सांगितलं. त्याने विचारलं, "बाबा, मग तुम्ही मोठे झालात तेव्हा थांबलं?" मी हो म्हटलं. त्या रात्री तो पहिल्यांदा न कुरकुरता झोपायला गेला.

रानजाई, तुम्ही एकदा ओरडलात आणि तुम्हाला इतकं लागलं. तुमच्या मुलीची काळजी वाटत नाही मला.

निरामय:

सांजवेळ, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. तुमच्या मुलाचं जुळतं कारण यात आनुवंशिकता फार मोठी आहे. आईवडिलांपैकी एकाला लहानपणी असेल तर मुलाला होण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के, दोघांना असेल तर ७७ टक्के. काही मुलांत रात्री लघवी कमी बनवायला सांगणारं व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक पुरेसं वाढत नाही, काहींचं मूत्राशय पूर्ण भरायच्या आधीच आकुंचन पावतं आणि या दोन्हींवर जाग न येणं ही तिसरी गोष्ट. यात आळस, हट्ट किंवा संस्कार कुठे बसतात ते मला इतक्या वर्षांत सापडलेलं नाही.

जुनी_वही:

सासूबाईंच्या बाजूने एक आजी म्हणून लिहिते. आमच्या वेळी आम्हाला इतकंच माहीत होतं, की आपोआप जातं. बहुतेकांचं जायचंही. ज्यांचं नाही गेलं त्यांनी आमच्यापासून लपवलं असणार, हे आज सांजवेळ यांचं वाचून कळलं. सुनांनी आम्हाला सोबत न्यावं डॉक्टरकडे. आम्हीही ऐकू.

रानजाई:

सगळ्यांचे आभार. सांजवेळ, तुमचा प्रतिसाद मी आणि नवऱ्याने रात्री एकत्र वाचला.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. सासूबाईही आल्या. लघवीची तपासणी स्वच्छ, साखर व्यवस्थित. अनवट, सगळ्यात आधी तुम्हाला सांगावंसं वाटलं. डॉक्टरांनी पाठ, पाय पाहिले, घोरते का विचारलं. नाही घोरत. मग पोट दाबून पाहिलं आणि डाव्या बाजूला खाली बोटं थांबली. "शी रोज होते का?" मी म्हटलं, रोज होते. "किती, कशी?" मला सांगता येईना. सहा वर्षांच्या मुलीची शी मी कशाला बघते! तिलाच विचारलं. ती म्हणाली, "छोट्या छोट्या गोळ्या. आणि कधी कधी एकदम मोठ्ठी. दुखतं."

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. मूत्राशय पुढे, त्याच्या लगेच मागे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग. तो घट्ट भरलेला असला की मूत्राशयाला फुगायला जागाच उरत नाही, आणि त्याच्यावर सारखा दाब राहिला की ते अर्धं भरल्यावरच आकुंचन पावायला लागतं. रोज थोडी शी होत असली तरी आत साठा राहू शकतो. हे मला माहीत नव्हतं. इथे बऱ्याच जणींना माहीत नसेल म्हणून सविस्तर लिहितेय.

शनिवार-रविवार मोजमाप केलं. सर्वांत मोठी शू ११० मिलिलीटर. निरामय, तुमच्या हिशेबाने २१० हवी. शी मऊ करणारं औषध दिलंय, रोज पाण्यात मिसळून.

निरामय:

छान तपासलंय तुमच्या डॉक्टरांनी. दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिले काही दिवस साठलेलं बाहेर पडेल, तेव्हा चड्डीला लागेल किंवा पातळ होईल. औषध लागू पडलं नाही किंवा जुलाब लागले असं समजून ते बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा. दुसरं, ताणलं गेलेलं आतडं मूळ आकाराला यायला महिने लागतात. चार दिवस पोट साफ झालं म्हणून औषध थांबवणं ही सर्वांत नेहमीची चूक.

जेवणानंतर पाच-दहा मिनिटं संडासात बसवा. जेवल्यावर आतड्याची हालचाल वाढते, ती वेळ साधायची. पाय लोंबकळत असतील तर खाली छोटा पाट किंवा स्टूल ठेवा, गुडघे कमरेच्या वर यायला हवेत. बसली की बक्षीस. झाली की नाही यावर नाही.

पण अजून एक प्रश्न उरतोच: बद्धकोष्ठ दोन महिन्यांपूर्वीच का सुरू झालं?

मायमाउली:

शाळेत जाते का हो ती शीला-शूला? माझी धाकटी पूर्ण दिवस दाबून ठेवायची.

रानजाई:

मायमाउली, तुमचा एका ओळीचा प्रतिसाद वाचला आणि दोन दिवस मी त्याचाच विचार करत होते.

समोर बसवून विचारलं तर ती गप्प होते हे आता मला कळलंय. म्हणून काल वाळलेले कपडे काढले आणि दोघी घड्या घालत बसलो. तिच्याकडे न बघता म्हटलं, "नव्या वर्गातून संडास लांब आहे का गं?" ती मोज्यांच्या जोड्या लावत होती. म्हणाली, "लांब नाही. पण कडी नाही."

मग हळूहळू सगळं आलं. नव्या वर्गाजवळच्या मुलींच्या संडासाच्या दाराची कडी तुटलेली आहे. एकदा ती आत असताना मोठ्या मुलींनी दार ढकललं आणि हसल्या. त्या दिवसापासून ती शाळेत संडासाला गेलीच नाही. सकाळी घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत, सात तास. शू लागू नये म्हणून पाण्याची बाटली तशीच परत आणते. बाटली भरलेली परत येते हे मला रोज दिसत होतं. मी तिला म्हणायचे, "उन्हाचं पाणी पीत जा गं." घरी आल्यावर तहान लागायची तेव्हा मी सहा वाजता पाणी बंद करत होते.

म्हणजे दिवसभर शाळेत पाणी नाही, घरी आल्यावर दोन तास भरपूर पाणी, मग माझी बंदी, आणि शी आत साठत चाललेली. तिला नक्की केव्हा बरं वाटत असेल?

मी तिला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तू म्हणाली असतीस, एवढी मोठी झालीस."

मला रडू आवरलं नाही. तिने मोजे ठेवले आणि माझ्या मांडीवर येऊन बसली.

अनवट:

रानजाई. शब्द नाहीत. पण सापडलं ना, ते महत्त्वाचं.

सांजवेळ:

कडी. एक कडी.

मायमाउली:

आमच्याकडे वर्गशिक्षिकेला भेटून ठरवलं होतं: हात वर न करता, सगळ्यांसमोर न विचारता, टेबलावरचं एक कार्ड उचलून जायचं. दर दोन-तीन तासांनी शिक्षिका स्वतःच "जाऊन ये" म्हणायच्या. एक मैत्रीण दारात उभी राहायची. कडी बसेपर्यंत तेवढं तरी करून घ्या. आणि कडीचं पत्र लेखी द्या, तोंडी सांगितलेलं राहून जातं.

खडीसाखर:

धागा वाचतेय. माझा प्रश्न थोडा वेगळा. मुलगा नऊ वर्षांचा, रात्री कधीच कोरडा नव्हता. तपासण्या झाल्या, पोट साफ आहे, दिवसा काही त्रास नाही. डॉक्टरांनी अलार्म किंवा गोळी, असे दोन पर्याय दिलेत. कुणी अलार्म वापरलाय का? खरंच उपयोग होतो?

मृगधारा:

आम्ही वापरला. माझी मुलगीही नऊची होती. सविस्तर लिहिते कारण मला तेव्हा सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं.

चड्डीला एक छोटा सेन्सर लावायचा, ओल लागली की खांद्यावरची घंटी वाजते. पहिल्या रात्री घंटी वाजली आणि मुलगी सोडून सगळं घर जागं झालं! मला वाटलं पैसे वाया गेले. पण असंच होतं. पहिले दोन-तीन आठवडे घंटी मोठ्यांसाठीच असते. आपण धावत जायचं, तिला पूर्ण जागं करायचं, घंटी तिच्याच हाताने बंद करायची, चालत संडासात जायचं, उरलेली शू तिथे करायची, परत येऊन नवा सेन्सर तिनेच लावायचा. आम्ही दोघांनी रात्री वाटून घेतल्या, एकटीने झेपलं नसतं.

तिसऱ्या आठवड्यात चादरीवरचा डाग लहान व्हायला लागला. आधी एवढा मोठा, मग हाताच्या पंज्याएवढा. माझ्यासाठी ती पहिली आशा होती, कोरडी रात्र अजून आलीच नव्हती. सहाव्या आठवड्यात ती घंटीच्या आधी उठली. सलग १४ कोरड्या रात्री व्हायला अकरा आठवडे लागले. दोन महिन्यांनी पुन्हा थोडं सुरू झालं, पुन्हा तीन आठवडे अलार्म लावला, मग कायमचं थांबलं.

मुलाची स्वतःची इच्छा हवी. आणि घरात कुणी आजारी असेल, परीक्षा असतील, आईवडील थकून गेले असतील तर थांबा. अर्धवट सोडलेल्या अलार्मने मुलाला वाटतं की तेच हरलं.

एक व्यवहारातली गोष्ट: गादीवर जलरोधक कव्हर, त्यावर चादर, त्यावर पुन्हा कव्हर, पुन्हा चादर. रात्री वरची जोडी ओढून काढली की खाली तयार अंथरूण. या एका गोष्टीने आमच्या रात्री सुसह्य झाल्या.

निरामय:

मृगधारा यांनी इतकं नेमकं लिहिलंय की मला जोडायला फारसं नाही. हे उपकरण नवं नाही. १९०४ साली फाउंडलर नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी वॉर्डातल्या मुलांचे कपडे लगेच बदलता यावेत म्हणून परिचारिकांसाठी घंटी बसवली होती. मुलांचं अंथरूण ओलं होणंच कमी झालं, हे त्यांना नंतर दिसलं. १९३८ मध्ये मॉवरर दांपत्याने त्याचा उपचार म्हणून पद्धतशीर वापर केला. नीट वापरला तर साधारण दोनतृतीयांश मुलांना गुण येतो.

खडीसाखर, गोळीबद्दल. डेस्मोप्रेसिन हे व्हॅसोप्रेसिनचंच मानवनिर्मित रूप. रात्रीची लघवी कमी बनते, परिणाम लगेच दिसतो, सहलीसाठी किंवा मुक्कामाला जायचं असेल तर फार उपयोगी. पण बहुतेकांना गोळी थांबली की पुन्हा सुरू होतं. आणि एक नियम मोडायचा नाही: गोळीच्या एक तास आधीपासून पुढचे आठ तास पाणी नाही, अगदीच लागलं तर घोटभर. जास्त पाणी प्यायल्यास रक्तातलं सोडियम उतरतं आणि फिट येऊ शकते. उलट्या, जुलाब, ताप असेल त्या रात्री गोळी नाही. याच धोक्यामुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २००७ मध्ये या त्रासासाठी याच औषधाच्या नाकातल्या फवाऱ्याचा वापर बंद करायला लावला. म्हणून कुणाच्या घरात उरलेला फवारा मागून आणू नका.

पहाटवारा:

शिस्तीबद्दल लिहिलं ते मागे घेतो. सांजवेळ यांचा प्रतिसाद वाचल्यापासून ते वाक्य मलाच टोचत होतं. काल मुलाला विचारलं, तेव्हा रात्री उठवायचो ते आठवतं का. म्हणाला, "हो, तुम्ही रागावलेले असायचात." मला वाटत होतं मी फक्त झोपेत असायचो.

रानजाई:

साडेतीन महिन्यांनी येतेय. अनेकांनी निरोप पाठवून विचारलं, म्हणून सगळं एकत्र लिहिते.

कडी बसली, पण लगेच नाही. लेखी पत्रानंतर दोनदा जावं लागलं. तोवर कार्डाची युक्ती वर्गशिक्षिकेने मनापासून राबवली. पहिल्या आठवड्यात तीन मुली ते कार्ड उचलायला लागल्या, म्हणजे दाबून ठेवणारी आमची एकटीच नव्हती.

औषध चालू आहे. पहिले दहा दिवस अवघड गेले, निरामय यांनी आधी सांगितलं नसतं तर मी बंद केलं असतं. पहिल्या महिन्यात अंथरूण बारा वेळा ओलं झालं, दुसऱ्यात सात, तिसऱ्यात तीन. मग तिला ताप आला, पाणी कमी गेलं, पुन्हा कडक झालं आणि एका आठवड्यात चार रात्री. मी घाबरले. ती नाही घाबरली. सकाळी येऊन सांगितलं, "आई, शू झाली. शी पण दोन दिवस नाही झाली." कारण आणि परिणाम दोन्ही तिनेच सांगितले.

मागच्या आठवड्यात पुन्हा मोजलं, सर्वांत मोठी शू १९० मिलिलीटर. आता घरात आम्ही सगळेच "शू केली" म्हणत नाही, "शू झाली" म्हणतो. सासूबाईंनी सुरू केलं.

निरामय, औषध कधी कमी करायचं?

निरामय:

तुमच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच, आणि हळूहळू मात्रा उतरवत. काही महिने रोज मऊ, न दुखता शी होत राहिली की मग. अंथरूण कोरडं झालं एवढ्यावरून नको.

नवखा_वाटसरू:

सगळा धागा वाचला. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. कधीच कोरडा झाला नाही. पाच वर्षांपूर्वी एकदा दाखवलं होतं, वाढेल तसं जाईल असं सांगितलं गेलं. आता तो या विषयावर बोलतच नाही, खोलीचं दार लावून घेतो. स्वतःच्या चादरी स्वतः धुतो. उशीर झालाय का?

निरामय:

नाही. या वयात पुन्हा तपासून घ्याच, आणि या वेळी 'वाढेल तसं जाईल' एवढ्यावर थांबू नका. लघवीची तपासणी, पोट, दिवसाची लक्षणं, घोरणं, सगळं नव्याने. अलार्म, गोळी किंवा दोन्ही मिळून, या वयातही उपयोग होतो. डॉक्टरांशी थोडा वेळ त्याला एकट्याला बोलू द्या.

सांजवेळ:

त्याला बोलावंसं वाटत नसेल तर बोलायला लावू नका. माझा वरचा प्रतिसाद छापून त्याच्या दाराखालून सरकवा. तेराव्या वर्षी मला कुणीतरी तसं करायला हवं होतं. त्याला काही विचारायचं असेल तर तुमच्या खात्यावरून मला निरोप पाठवू दे. मी रात्री उशिरापर्यंत जागा असतो.

नवखा_वाटसरू:

सरकवला आहे. अर्धा तास झाला, आत दिवा चालू आहे.